स्मार्ट सिटीत स्टार्टअपची पद्धत: शिकायचं ते निविदेआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नऊ वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर, आता एका मध्यम शहराच्या स्मार्ट सिटी कंपनीत रुजू, आणि हातात चाळीस हजार स्मार्ट पाणीमीटरचं, म्हणजे वाचन आपोआप पाठवणाऱ्या मीटरचं, काम. तुम्ही सुचवलंत की आधी दोनशे मीटर लावू, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, करू, चुकलं तर दिशा बदलू. त्यावर कार्यकारी अभियंता म्हणाले, "साहेब, हे आयटी पार्क नाही." आणि आता तुम्ही विचारताय, या लोकांची मानसिकता बदलायची कशी?

मानसिकता राहू द्या. मी सहा वर्षं स्टार्टअपमध्ये काढली आणि त्यानंतर अकरा वर्षं महापालिकांसोबत सल्लागार म्हणून काम करते आहे. पहिली दोन वर्षं मीही हाच प्रश्न विचारत फिरत होते. उत्तर मिळालं नाही, कारण प्रश्नच चुकीचा होता. तुमच्या अभियंत्यांची मानसिकता जुनाट नाही, त्यांचा हिशोब वेगळा आहे. तो हिशोब कळला की तुमच्या पद्धतीतलं काय चालेल आणि काय फेकून द्यावं लागेल ते आपोआप दिसतं.

स्टार्टअपमध्ये चूक परवडते, त्यामागे तीन गोष्टी असतात. ग्राहकाला पटलं नाही तर तो निघून जातो. पैसा असतो तो जाणूनबुजून जोखीम घेतलेल्या माणसाचा. आणि आज चुकलेलं पुढच्या रिलीजमध्ये सुधारता येतं. महापालिकेत यातलं एकही नाही. नळाला पाणी आलं नाही म्हणून कोणी दुसऱ्या कंपनीचा नळ घेत नाही. पैसा मालमत्ता कराचा आणि पाणीपट्टीचा. आणि चूक झाली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप फाइलला असा चिकटतो की माणूस निवृत्त झाल्यावरही त्याचे निवृत्तीचे लाभ अडकू शकतात. "चुकलं तर दिशा बदलू" हे वाक्य तुम्हाला धाडसी वाटतं. समोरच्याला त्यात विभागीय चौकशी ऐकू येते.

पण खरी अडचण आणखी आत आहे. आपल्याकडे कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश, निघाला त्या दिवशी शिकण्याचं दार जवळजवळ बंद होतं. त्यानंतर काही बदलायचं म्हणजे अतिरिक्त बाब, दर विश्लेषण, सुधारित प्रशासकीय मान्यता आणि मुदतवाढ. मीटरचा प्रकार बदलणं ही सॉफ्टवेअरमध्ये एका आठवड्याची गोष्ट, इथे सात-आठ महिन्यांची. म्हणून "आधी सुरू करा, मग शिका" हा तुमचा क्रम इथे उलटा होतो. स्टार्टअपकडून महापालिकेने घ्यायचा तो वेग नव्हे. स्वस्तात आणि लवकर चुकायची कला घ्यायची, आणि ती सगळी निविदेच्या आधी वापरायची. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्या कंपनीचं पाणीपुरवठा विभागाशी जमतं का? सीईओ पूर्णवेळ आहेत की आयुक्तांकडेच अतिरिक्त कार्यभार आहे? सभागृह निवडून आलेलं आहे की प्रशासक आहे? २०२२ पासून आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या महापालिकांत प्रशासक होते. त्या काळात निर्णय पटापट झाले, पण नगरसेवकांकडून जी खबर मिळते ती बंद झाली. सभागृह असेल तर निर्णयाला उशीर होईल, पण कुठल्या गल्लीत पाणी चढत नाही ते तुम्हाला सेन्सरच्या आधी कळेल.

आता माझीच एक चूक सांगते. एका शहरात आम्ही कचराकुंड्यांना सेन्सर लावायचा प्रकल्प आणला होता. कुंडी भरली की नियंत्रण कक्षात लाल ठिपका दिसणार, गाडी जाणार, डिझेल वाचणार. सादरीकरण देखणं होतं, मीच केलं होतं. सुदैवाने निविदा लांबली, आणि त्या फटीत एका जुन्या आरोग्य निरीक्षकांनी मला सकाळी सव्वासहाला हजेरी कोठीवर, म्हणजे सफाई कामगार जिथे हजेरी लावतात तिथे, बोलावलं. पंधरा दिवस मी तिथे जात राहिले. सेन्सर नव्हतेच. मुकादम कुंड्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचे, मी वहीत वेळ लिहायची.

चौथ्या दिवशीच कळलं की कुंडी कधी भरते हे मुकादमाला तोंडपाठ आहे. बाजाराची कुंडी सोमवारी अकराला, मंगल कार्यालयाजवळची लग्नाच्या तिथीला. माहितीचा तुटवडा कुठेच नव्हता. गाडीची दुसरी फेरी होत नव्हती, कारण कचरा हस्तांतरण केंद्रावर एकच वजनकाटा होता आणि नऊनंतर तिथे गाड्यांची रांग लागायची. दीड-दीड तास कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून नेणारी गाडी, उभा. आम्ही सेन्सर लावले असते तर लाल ठिपके झकास दिसले असते आणि गाडी रांगेतच उभी राहिली असती. पुढे दुसरा वजनकाटा बसला, फेऱ्यांच्या वेळा पुढेमागे केल्या, आणि सेन्सरचा प्रस्ताव मी स्वतः मागे घेतला. त्या पंधरा दिवसांचा खर्च म्हणजे माझा रिक्षाचा आणि कोठीवरच्या चहाचा.

तुमच्या भाषेत ही किमान चालणारी आवृत्ती (एमव्हीपी) होती. फरक एवढाच की तिच्यात उत्पादन नव्हतं. शहरात पहिली आवृत्ती शक्यतो वस्तूशिवायच असावी. वही, फोटो, रंग, दोरी, माणूस.

रस्त्यांच्या बाबतीत हे जगभर करून झालेलं आहे. न्यूयॉर्कने २००९ च्या उन्हाळ्यात टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथे ग्रॅनाइट नव्हतं. पिंपं, रंग आणि समुद्रकिनारी टाकतात तसल्या स्वस्तातल्या खुर्च्या होत्या. टॅक्सींच्या जीपीएसवरून वेग मोजला. तो सगळीकडे अपेक्षेइतका वाढला नाही, पण पादचारी जखमी होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं, आणि २०१० मध्ये बदल कायम ठेवायचं ठरलं. पक्कं बांधकाम त्यानंतर. पुण्यातही औंधच्या डीपी रस्त्यावर पदपथ रुंद करण्याआधी तात्पुरते अडथळे लावून चाचणी घेतली होती. चाचणीत दुकानदार भांडले, रिक्षावाले भांडले, आणि ते भांडण काँक्रीट ओतण्याआधी झालं हेच तिचं यश. कर्बस्टोन बसल्यावरचं भांडण न्यायालयात जातं.

पाण्याचं मात्र एवढं सोपं नाही. पाइप रंगाने आखता येत नाही. इथे पायलट, म्हणजे छोटा प्रायोगिक प्रकल्प, करावाच लागतो, आणि पायलटचा एक सापळा आहे. बेळगावचं उदाहरण बघा, आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिथे आहेत. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी मिळून पाच प्रात्यक्षिक विभाग निवडले आणि २००८ पासून तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं. त्या शहरांच्या साधारण दहा टक्के लोकसंख्येला. पाणी खरंच आलं, मीटर लागले, भारतीय शहरात चोवीस तास पाणी देता येतं हे सिद्ध झालं. आणि ते उरलेल्या नव्वद टक्क्यांपर्यंत नेण्याचा पुढचा प्रकल्प मंजूर व्हायला २०१६ उजाडलं. नागपुरात धरमपेठ झोनमध्ये आधी प्रयोग झाला आणि २०१२ पासून अख्ख्या शहरासाठी खासगी भागीदारीतला पंचवीस वर्षांचा करार सुरू झाला. तिथेही झोनमध्ये जमलं ते शहरभर जमवणं हे वेगळंच प्रकरण ठरलं.

असं का होतं? पायलटला शहराचं सगळ्यात चांगलं मिळतं. नवे पाइप, तरुण अभियंता, आयुक्तांचं लक्ष, दर आठवड्याला पाहुणे. मग तो यशस्वी होतो, आणि आपल्याला वाटतं की तंत्रज्ञान यशस्वी झालं. यशस्वी झालेलं असतं लक्ष. म्हणून पायलट "चालतो का" हे पाहण्यासाठी करू नका. लक्ष काढून घेतल्यावर काय होतं ते पाहण्यासाठी करा. माझा नियम असा की सहा आठवडे आमचा माणूस तिथे, पुढचे सहा आठवडे कोणीच नाही. दुसऱ्या सहा आठवड्यांचे आकडे खरे.

आता कागदाचा भाग. कंटाळवाणा आहे, पण प्रकल्प इथेच मरतात, म्हणून थांबून सांगते.

पहिलं म्हणजे पायलट बंद करण्याची अट मंजुरीच्या टिपणीतच लिहा. "बारा आठवड्यांच्या शेवटी दोनशेपैकी किमान एकशे ऐंशी मीटरचं वाचन प्रत्यक्ष वाचनाशी जुळलं नाही, तर हा प्रकार पुढे वापरला जाणार नाही." त्यावर सही झाली की पायलट थांबवणं हे अपयश उरत नाही, मंजूर आदेशाची अंमलबजावणी होते. तुमच्या कार्यकारी अभियंत्यांना मानसिकतेवरचं व्याख्यान नको आहे, हे एक वाक्य हवं आहे. हे वाक्य घातल्यावर "आयटी पार्क" म्हणणारी माणसं स्वतःहून तीन वाईट शक्यता सांगताना मी पाहिली आहेत. चूक लिहून ठेवायला जिथे भीती वाटते, तिथे ती आधी लिहून मंजूर करून घ्यायची.

दुसरं, फुकटचा पायलट घेऊ नका. कंपन्या येतील, म्हणतील, "सर, दोनशे मीटर आमच्याकडून मोफत." मोफत मीटरसोबत निविदेचे तपशीलही मोफत येतात, आणि ते त्या एकाच मीटरच्या मापाचे असतात. मग बाकीचे निविदापूर्व बैठकीत ओरडतात आणि प्रकरण दक्षता विभागापर्यंत जातं. पायलटचे पैसे द्या, दोन-तीन प्रकार एकाच वेळी लावा, निकाल सर्वांसाठी जाहीर करा. लहान रकमेत हे बसतं. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह सुरू केला, त्यात निवडलेल्या चोवीस स्टार्टअपना सरकारी विभागांत प्रयोग करायला १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळायचे. म्हणजे "सरकारात लहान प्रयोगाला वाटच नाही" हे खरं नाही. वाट आहे, अरुंद आहे.

तिसरं, निविदेत वस्तू मागू नका, काम मागा. "अमुक तंत्रज्ञानाचा मीटर" असं न लिहिता "अमुक टक्के वाचनं, पावसाळ्यासह, महिन्याच्या अमुक तारखेपर्यंत" असं लिहा आणि देयकाचा मोठा हिस्सा त्याला बांधा. एल-वनची, म्हणजे सर्वात कमी दर देणाऱ्यालाच काम देण्याच्या नियमाची, भीती बाळगू नका. सर्वात कमी दर वाईट नसतो. सर्वात कमी दर आणि ढिसाळ तपशील एकत्र आले की वाईट. आणि डेटा महापालिकेचा, तो खुल्या स्वरूपात मिळणार, करार संपल्यावर दुसऱ्या कंपनीला जोडता येणार, हे कलम वकिलाकडून नाही तर तुमच्यासारख्या माणसाकडून लिहून घ्यावं. तुमची नऊ वर्षं इथे सोन्यासारखी आहेत.

स्क्रमच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्या स्प्रिंटच्या पद्धतीच्या, विधींबद्दल फार बोलत नाही. रोजची उभ्याने बैठक विसरा, सकाळी अभियंता साइटवर असतो आणि तिथेच असायला हवा. आठवड्यातून एकदा, साइटवरच, वीस मिनिटं पुरतात. स्टिकी नोट्स घरी ठेवा. स्प्रिंटची लांबी दोन आठवडे की तीन हा वाद निरर्थक आहे, कारण इथलं खरं कॅलेंडर मार्चअखेर, पावसाळ्यातली खोदाईबंदी, गणपती आणि आचारसंहिता यांनी ठरतं. मे महिन्यात रस्ता खोदायची योजना करणारा प्रॉडक्ट मॅनेजर मी पाहिलेला आहे. आरशात.

मोजमापाबद्दल मात्र हट्टी राहा. २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं, शंभर शहरं निवडली गेली, प्रत्येकासाठी केंद्राचे पाच वर्षांत पाचशे कोटी आणि तेवढाच राज्य-महापालिकेचा वाटा असं गणित होतं. या सगळ्या काळात आम्ही काय मोजलं? कॅमेरे किती, फायबर किती किलोमीटर, ॲप किती जणांनी उतरवून घेतलं. एका शहरात तक्रार निवारण ॲपवर ९० टक्क्यांहून जास्त तक्रारी "निकाली" दिसत होत्या. निकाली काढण्याचं बटण कनिष्ठ अभियंत्याच्या हातात होतं. ते बटण तक्रारदाराच्या हातात दिलं, त्याने "झालं" म्हटल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही असं केलं, आणि आकडा पहिल्या महिन्यात निम्म्यावर आला. मला दोन बैठकांत ओरडा बसला. पण त्या महिन्यापासून त्या आकड्याला अर्थ आला.

मिशनची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२५ ला संपली. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. उभारणीचा पैसा मिशनमधून आला असेल, पण चाळीस हजार मीटरच्या बॅटऱ्या, सिमकार्ड, सर्व्हर आणि बदली मीटर हा खर्च आता महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येणार. पाणीपुरवठ्याच्या खात्यात या देखभालीसाठी लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचा स्वतंत्र रकाना, आहे का, हे आज जाऊन विचारा. नसेल तर पायलटच्या आधी ते उघडून घ्या. लेखाशीर्ष नसलेला प्रकल्प म्हणजे उधारीवरचं लग्न.

इतकं झाल्यावर तुमच्या मीटरकडे येते.

तुमच्या शहरात पाणी दिवसातून दोन-तीन तास येत असेल असं मी धरते. तसं असेल तर पाणी सुटताना आधी पाइपमधली हवा बाहेर पडते, आणि यांत्रिक मीटर हवेनेही फिरतो. नागरिक म्हणेल, "पाणी आलं नाही, बिल आलं," आणि तो बरोबर असेल. मीटरच्या चेंबरमध्ये पावसाळ्यात पाणी भरतं आणि रेडिओचा सिग्नल जेमतेम बाहेर येतो. लोक मोटार लावून पाणी खेचतात, त्यामुळे शेवटच्या टोकाला दाब उरत नाही. यातलं काहीही माहितीपत्रकात सापडणार नाही. कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि मीटर असं दोन्ही केलं, वापरासोबत चढत जाणारे दर लावले, आणि ते टिकलं. पण तिथे पाणी आणि मीटर जोडीने आले, हे विसरू नका. तीन तासांच्या पाण्यावर स्मार्ट मीटर लावला तर तो प्रामुख्याने नागरिकाचा संताप मोजतो.

म्हणून तुमच्या दोनशे मीटरची निवड बदला. शहरभर विखुरलेले दोनशे नकोत, आणि ज्या वसाहतीत अधिकाऱ्यांचे बंगले आहेत तीही नको. एक असा तुकडा घ्या ज्याचं पाणी एकाच व्हॉल्व्हमधून येतं, मग त्यात दोनशेऐवजी दोनशे साठ नळजोड आले तरी चालेल. त्यात सोसायटी हवी, चाळ हवी, आणि टोकाची ती गल्ली हवी जिथून सगळ्यात जास्त तक्रारी येतात. तुकड्याच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवा. आत किती गेलं आणि घराघरांत मिळून किती नोंदलं, यातला फरक म्हणजे तुमची गळती आणि चोरी. कार्यकारी अभियंत्यांना बहुधा हाच आकडा वर्षानुवर्षं हवा आहे. मीटरचा विषय तुम्ही स्मार्ट सिटीकडून मांडत होतात, तो आता त्यांच्या टेबलावरून मांडला जाईल.

आणि मीटर विकत घेण्याच्याही आधी, पुढच्याच आठवड्यात, एक काम करा. त्या भागात पाणी सोडणारा चावीवाला कोण आहे ते विचारा आणि त्याच्यासोबत चार दिवस पहाटे चारला फिरा. कुठली चावी किती आटे फिरवायची, कोणाच्या फोनवर अर्धा आटा जास्त द्यायचा, कुठे लोक मोटारी लावतात, हे त्याच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही नकाशावर नाही. पहिल्या दिवशी तो काही बोलणार नाही. वही खिशातच ठेवा. दुसऱ्या दिवशी चहा तुम्ही पाजा. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणेल, "साहेब, ही चावी बघा, ही पूर्ण बंद होतच नाही." ती चावी दुरुस्त करून घ्या, मग मीटरचं बोलू.